परमिट रूम ओस पडतेय, दारू घरी चाललीय

मार्च लागला की परमिट रूमच्या मालकांचे मला फोन सुरू होतात. 31 मार्चच्या आत पुढच्या वर्षाची लायसन्स फी भरायची असते. नव्या वर्षातला पहिला पेग विकला जाण्याआधी हा पैसा सरकारजमा झालेला लागतो. मी हिशेब लिहिणारा माणूस. ठाण्यापासून अंबरनाथपर्यंतच्या पट्ट्यातल्या परमिट रूमची स्टॉक रजिस्टरं, व्हॅटची विवरणपत्रं, वेटरांची पगारपत्रकं हे माझं काम. पूर्वी फोनवर विचारणा असायची, ‘साहेब, पैसे कुठून वळते करायचे?’ अलीकडे वेगळंच विचारतात, ‘साहेब, यंदा रिन्यू करू का नको, तुम्हीच सांगा.’ उडुपीकडून पोरवयात मुंबईला येऊन, कपबशा विसळत विसळत गल्ल्यावर पोचलेला माणूस असं विचारतो तेव्हा धंद्यात काहीतरी मुळापासून हललेलं असतं.

मी स्वतः दारू पीत नाही. माझं घर मात्र या धंद्याकडून मिळणाऱ्या फीवर चालतं, हे वाचकांना आधीच सांगून ठेवतो. पुढचं लिहिणं त्या हिशेबानं वाचावं.

परमिट रूम आणि बारमध्ये गर्दी कमी झाली, असं म्हटलं की बरेच जण समाधान मानतात. लोक शहाणे झाले, पिणं कमी झालं, चांगलंच आहे म्हणतात. माझ्यासमोरची रजिस्टरं तसं सांगत नाहीत.

वागळे इस्टेटजवळची एक परमिट रूम घ्या. तिथे रात्री शटर अर्धं खाली आलं की मॅनेजर काउंटरवरच्या उघड्या बाटल्या एकेक करून उजेडात धरतो, आत किती माल उरला तो पेगमध्ये मोजतो आणि रजिस्टरला लिहितो. 750 मिलीची बाटली म्हणजे 30 मिलीचे 25 पेग. पूर्वी शनिवारच्या पानावर ब्रँडमागून ब्रँडच्या ओळी आकड्यांनी भरलेल्या असायच्या. आता निम्म्या ओळींत सुरुवातीची शिल्लक आणि शेवटची शिल्लक एकच असते, म्हणजे त्या बाटलीला दिवसभरात कुणी हात लावलेला नाही.

त्याच जागेचं किचन मात्र रात्री अकरापर्यंत धडधडत असतं. चिकन लॉलीपॉप, पनीर चिली, सुरमई फ्राय, तंदुरी यांची पार्सलं बांधली जातात आणि ॲपवाली पोरं टी-शर्टवर घाम पुसत दाराशी उभी असतात. बिलात पेग नाही, सोडा नाही, फक्त चकना. दारू गिऱ्हाईकानं आधीच वाइन शॉपमधून घरी नेलेली आहे. बैठक मोडलेली नाही. ती फ्लॅटच्या हॉलमध्ये, गच्चीवर आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये हलली आहे.

असं का झालं, याचं एक उत्तर सरळ हिशेबात आहे. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2023पासून परमिट रूममध्ये टेबलावर दिल्या जाणाऱ्या दारूवरचा व्हॅट 5 टक्क्यांवरून 10 टक्के झाला. वाइन शॉपमध्ये बाटलीवर छापलेल्या किमतीत सगळे कर आलेले असतात. टेबलावर बसलं की हा कर वरून लागतो. मग 2025-26 साठी लायसन्स फी वाढली. 10 जून 2025ला मंत्रिमंडळानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करायचं ठरवलं. त्याच निर्णयात 180 मिलीच्या क्वार्टरची किमान किंमत देशीसाठी 80 रुपये, नव्यानं आणलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’साठी 148 रुपये, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी 205 रुपये आणि प्रीमियमसाठी 360 रुपये झाली. याविरोधात ‘आहार’ या हॉटेलमालकांच्या संघटनेनं 14 जुलै 2025ला राज्यभर बंद पाळला.

आता 205 रुपयांची क्वार्टर घ्या. तिच्यात 60 मिलीचे तीन पेग निघतात. समजा परमिट रूमवाल्यानं पेगला दीडशे रुपये लावले. तीन पेगचे साडेचारशे, त्यावर 10 टक्के व्हॅट, म्हणजे 495. तेवढीच दारू घरी 205 रुपयांत. मालक फरकाच्या पैशांत भाडं, वीज, एसी, वेटर, आचारी, फी आणि तुटलेले ग्लास भागवतो, म्हणून तो लुटारू ठरत नाही. पण महिन्याला पंचवीस हजार हातात पडणाऱ्या माणसाला मालकाचा खर्च पाहण्याची गरज नाही. तो बाटली घेतो आणि घर गाठतो. मे 2020मध्ये लॉकडाऊनच्या काळात सरकारनंच दारू घरपोच द्यायला परवानगी दिली होती. त्या महिन्यांत लागलेली सवय दुकानं पूर्ण उघडल्यावर सुटली नाही.

एक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. 2025च्या करवाढीतून वर्षाला 14 हजार कोटी रुपये जादा मिळतील असा सरकारचा अंदाज होता. लोकांचं पिणं खरोखर घटणार असं सरकारला वाटत असतं, तर हा आकडा मांडलाच नसता. तिजोरीलाही ठाऊक आहे की दारू खपणार आहे. ती कुठे बसून प्यायली जाईल, याची चिंता त्या हिशेबात नाही.

महागाई हे मात्र निम्मंच उत्तर झालं. परमिट रूम भरायच्या त्या नुसत्या दारूसाठी भरत नव्हत्या. वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी, अंबरनाथ, मोहोने या भागांत कारखान्यांचे भोंगे होते आणि त्या भोंग्यांवर संध्याकाळ चालायची. दुसरी पाळी सुटली की एकाच खात्यातली चार-सहा माणसं सायकली लावून आत यायची. पगाराच्या दिवशी टेबल मिळायचं नाही. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाला प्रमोशन मिळालं, युनियनची निवडणूक आली, पतपेढीच्या कर्जाला जामीन हवा झाला, या सगळ्या गोष्टी त्याच टेबलांवर बोलल्या जायच्या. गिरणगावात हे आधीच संपलं होतं. 1982च्या संपानंतर अडीच लाख गिरणी कामगारांचं आयुष्य उसवलं, तेव्हा परळ-लालबागच्या बैठकाही उसवल्या. आमच्या पट्ट्यात तीच गोष्ट मागाहून आणि तुकड्या-तुकड्यांनी घडली. मोहोन्याचा एनआरसीचा कारखाना 2009मध्ये बंद पडला आणि अख्ख्या गावाची संध्याकाळ बदलली.

आज त्याच जागांवर टॉवर, गोदामं आणि आयटी पार्क आहेत. तिथे कामाला माणसं आहेत, पण कंत्राटी. आज या ठेकेदाराकडे, सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे. कुणाची सुटी मंगळवारी, कुणाची गुरुवारी. पगाराची तारीख एक नाही, गावाकडची ओळख नाही, युनियन नाही. सोबत बसायला आधी सोबत असावी लागते आणि तीच नोकरीतून निघून गेली. ज्याला सोबत नाही, त्याला टेबल कशाला हवं? तो एकटाच मोबाइलवर सिनेमा लावून पितो.

पब आणि क्लबची गोष्ट थोडी निराळी. तिथे जाणारा वर्ग पैसेवाला, पण तोही बिचकतो आहे. 29 डिसेंबर 2017ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या पबच्या आगीत 14 जीव गेले. 19 मे 2024ला पुण्यात कल्याणीनगरला पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांना चिरडलं. डिसेंबर 2025मध्ये गोव्यात हडफडे इथल्या नाइट क्लबला आग लागून 25 माणसं गेली, त्यांत बहुसंख्य तिथलेच कर्मचारी होते. तळघरात किंवा गच्चीवर एकच अरुंद जिना असलेल्या जागेत आपल्या मुलीनं जाऊ नये असं आईबापांना वाटलं, तर त्यांना दोष देता येणार नाही. शिवाय आत जायलाच कव्हर चार्ज, मुलगी सोबत नसेल तर दारातूनच परत, आणि गाण्याचा आवाज असा की शेजारच्याशी बोलता येत नाही. एवढं देऊन मिळतं काय, असं तरुण पोरं विचारतात ते रास्तच आहे. त्यांच्यातली बरीच आता टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळतात, रात्री कॅफेत बसतात, आणि काही जण पीतच नाहीत. जो पीत नाही म्हणून बारमध्ये येत नाही, त्याच्याबद्दल मला निखळ आनंद आहे. त्यानं माझ्या अशिलाचं टेबल रिकामं ठेवलं तरी चालेल.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांवरच्या कारवाईनंही टेबलं रिकामी केली. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश सापडला तर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ही कारवाई हवीच. एका शनिवारी नाकाबंदीत वाचलेला एक जीव सगळ्या परमिट रूमच्या गल्ल्यापेक्षा मोठा आहे. पण गाडी नको म्हणणाऱ्या सरकारनं रात्री परतायला काय ठेवलंय? शेवटची कर्जत लोकल गेली की मागे उरते ती मीटर न टाकणारी रिक्षा आणि दुप्पट भाडं दाखवणारं ॲप. बस त्या वेळी डेपोत उभी असते.

माझा मुख्य आक्षेप आता सांगतो. दारू टेबलावरून घरात गेली, यात समाजाचं नुकसान आहे आणि ते बायका-मुलं सोसतायत.

परमिट रूममध्ये माणसावर नजर असते. जुना वेटर गिऱ्हाईकाला ओळखतो. चौथ्या पेगला तो ऑर्डर घ्यायला मुद्दाम उशीर करतो, आधी जेवण आणून ठेवतो, आणि हक्कानं म्हणतो, ‘बस झालं आज, घरी जा.’ मी हे रजिस्टर तपासत बसलो असताना काउंटरवरून पाहिलेलं आहे. बिल समोर येतं, पेगची संख्या छापलेली दिसते, सोबतचे चारजण ती पाहतात. ठरल्या वेळेला दिवे लागतात आणि उठावं लागतं. कायद्यानं सौम्य बिअर आणि वाइनला 21 आणि बाकीच्या दारूला 25 वर्षांचं वय लागतं. मालक लायसन्सच्या धाकानं ते पाहतो, आणि पाहत नसेल तर त्याचं लायसन्स जायलाच हवं. घराच्या हॉलमध्ये यातलं काही नाही. तिथे बिल नाही, बंद होण्याची वेळ नाही आणि थांबवणारं असेल तर ती बायको, जिच्या थांबवण्याची किंमत तिलाच मोजावी लागते.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान कारखान्यात होते. दर शनिवारी खात्यातल्या मित्रांबरोबर बसायचे. त्या शनिवारांवरून बहिणीनं आयुष्यभर भांडणं केली आणि तिचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. कारखाना बंद पडला, मित्र गावोगावी पांगले. भाऊजी आता क्वार्टर घरी आणतात. नातवंडं त्याच खोलीत अभ्यासाला बसतात. परवा ती मला म्हणाली, ‘पूर्वी निदान शनिवार ठरलेला होता रे. आता वार उरला नाही.’

ज्यांना घरीही पिता येत नाही, ते रस्त्यावर पितात. रात्री साडेनऊच्या सुमाराला आमच्या स्टेशनबाहेरच्या वाइन शॉपच्या मागच्या गल्लीत फिरून या. बंद टपरीच्या फळीवर प्लास्टिकचे ग्लास, पाण्याची पाऊचं, शेंगदाण्याची पुडी, आणि रिक्षाच्या मागे उभ्यानं घशाखाली घातलेली क्वार्टर. पाच मिनिटांत कारभार आटोपतो, कारण पोलिस येईल. पोटात अन्न नाही, पाणी पुरेसं नाही. क्लासवरून घरी परतणाऱ्या मुली तेवढ्यासाठी लांबचा रस्ता धरतात. परमिट रूममधलं एक टेबल परवडेनासं झालं की त्याचे हे परिणाम गल्लीत दिसतात.

उघडी जागा मिटली की दारू मिटत नाही, हे महाराष्ट्राला नव्यानं शिकायचं कारण नाही. 1949च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईत हातभट्टी आणि आंटीचे अड्डे फोफावले. वसंतराव नाईकांच्या काळात दारूबंदी सैल झाली, त्यामागे तो अनुभव होता. चंद्रपूरला 2015मध्ये दारूबंदी झाली आणि 2021मध्ये ती उठली. उठवताना सरकारनं अवैध दारू आणि तिच्यातून वाढलेल्या गुन्हेगारीचं कारण दिलं. आणि स्वस्त दारूच्या शोधात माणूस कुठवर जातो ते मालाडच्या मालवणीत जून 2015मध्ये दिसलं. विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक हातावर पोट असलेली होती.

इथे एक बाजू मला मान्य करायलाच हवी. गावोगावच्या बायकांनी ‘आडवी बाटली’ला मतं देऊन दुकानं बंद पाडली, त्या लढ्याचा मला आदर आहे. ज्या घरानं दारूपायी भांडीकुंडी विकली, त्या घरातल्या बाईला परमिट रूम रिकामी झाल्याचा आनंद झाला, तर तिला हिशेब शिकवायला मी जाणार नाही. मी तिला फक्त एवढंच सांगेन की तिच्या मतानं बंद पडतं ते दुकान असतं. करानं बंद पडतं ते टेबल, आणि वाइन शॉप मात्र चालूच राहतं. या दोन गोष्टी एक नाहीत.

मालकांनाही मी सोडणार नाही. लाल दिवा, कुबट वास, गळका संडास, भिंतीवर पानाचे डाग, अशा जागेत आजचा माणूस का बसावा? बायकांसाठी वर जिन्यानं जाऊन पडद्यामागची ‘फॅमिली रूम’, एवढाच विचार या धंद्यानं वर्षानुवर्षं केला. आज पगार मिळवणारी बाई मैत्रिणींबरोबर बसू इच्छिते, तिला उजेड, स्वच्छ बाथरूम आणि टक लावून न पाहणारे लोक हवेत. शहरातले काही जुने मालक तसे बदलले. त्यांनी भिंती उजळ केल्या, किचनकडे लक्ष दिलं, शनिवारी गाण्याची मैफल ठेवली. त्यांची टेबलं भरतात, हे त्यांच्या विवरणपत्रांत मला दिसतं. जे बदलले नाहीत, त्यांना करात सूट देऊनही गिऱ्हाईक येणार नाही.

सरकारकडे माझ्या मागण्या मोजक्या आहेत. टेबलावरच्या दारूवरचा व्हॅट पुन्हा 5 टक्के करा. तिजोरीला तूट येत असेल तर ती बाटलीवरच्या करातून भरा, म्हणजे घरी पिणारा आणि बसून पिणारा दोघंही सारखं देतील. लायसन्स फी वर्षाच्या तोंडाशी एकदम न घेता तिमाही हप्त्यांत घ्या आणि ती ठरवताना शहराच्या लोकसंख्येबरोबर जागेतल्या खुर्च्याही मोजा. वीस खुर्च्यांची परमिट रूम आणि दोनशे खुर्च्यांचा बार एका तराजूत बसत नाहीत. आगीचे नियम, दुसरा जिना, वयाची तपासणी यांत एका पैशाची सवलत देऊ नका. अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याचं लायसन्स कायमचं रद्द करा. शुक्रवार-शनिवारी रात्री दीडनंतर स्टेशनांपासून मुख्य वस्त्यांपर्यंत बस चालवा. तिचा उपयोग पिणाऱ्यांपेक्षा रात्रपाळीच्या नर्स, वेटर आणि गोदाम कामगारांना जास्त होईल.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या नाक्यावरची परमिट रूम बंद पडली, तर ‘बरं झालं’ म्हणण्याआधी दोन जागी नजर टाका: जवळच्या वाइन शॉपची रात्रीची रांग पाहा आणि तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सफाई कामगार काय गोळा करतो ते त्याला विचारा. रांग आटली असेल आणि पार्किंग स्वच्छ असेल, तर खुशाल आनंद माना. तसं नसेल, तर दारू तुमच्या परिसरातून गेलेली नाही, ती फक्त घराच्या दाराआड गेली आहे, आणि तिथे ती बायका-मुलांच्या वाट्याला येते आहे. हे तुमच्या आमदाराला सांगा. करवाढीचा पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा हाच प्रश्न त्यांनी सभागृहात विचारायला हवा.